श्वानांमधील दीर्घकालीन रक्तकर्करोग आणि गोळ्यांचा उपचार

श्वानांमधील दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा बहुधा योगायोगाने उघडकीस येणारा आजार आहे. दहा-बारा वर्षांच्या कुत्र्याचे रक्त शस्त्रक्रियेपूर्वी तपासले जाते आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची संख्या कित्येक पटींनी वाढलेली आढळते. कुत्रे मात्र खात-खेळत असते.

अशा अहवालावर लगेच कर्करोगाचा शिक्का मारणे धोक्याचे. सुरतेपासून गोव्यापर्यंतच्या उष्ण, दमट किनारपट्टीत तपकिरी गोचीड मुबलक असते. तिच्यामार्फत पसरणारा एर्लिकिया हा जिवाणू जुनाट झाला की नेमकी हीच पेशीवाढ दाखवू शकतो. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण २८ दिवस दिले जाते. म्हणून एर्लिकियाची चाचणी आधी हवी. निदानापूर्वीच स्टेरॉइड सुरू केल्यास रक्तातील चित्र पुसट होते, ही चूक विशेष टाळावी. सुरतेच्या पालकांना जवळच नवसारीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत परळचे महाविद्यालय १८८६ पासूनचे आहे.

निदान पक्के झाले तरी प्रत्येक कुत्र्याला औषध लागतेच असे नाही. लक्षणे नसल्यास दर एक ते तीन महिन्यांनी रक्त तपासत थांबणे, हा मान्य मार्ग आहे. पंडुरोग, बिंबाणूंची घट, प्लीहा किंवा लसिकाग्रंथींची सूज, वजन उतरणे किंवा पेशींची संख्या फार वाढणे, यांपैकी काही दिसल्यास उपचार सुरू होतो.

त्यात क्लोरॅम्ब्युसिल आणि प्रेडनिसोलोन या दोन गोळ्यांची जोडी प्रमुख असते. क्लोरॅम्ब्युसिल मूळचे माणसांचे औषध. कुत्र्याच्या वजनानुसार मात्रा ठरते आणि आजार आटोक्यात आला की ती कमी केली जाते. पेशी पूर्ववत होण्यास आठवडे, कधी महिने लागतात. हे औषध अस्थिमज्जा दाबते, त्यामुळे रक्तगणना चुकवता येत नाही. प्रेडनिसोलोनने तहान, भूक व लघवी वाढते. ते एकाएकी बंद करू नये. क्लोरॅम्ब्युसिलची गोळी फोडू वा कुटू नये, हातमोजे घालूनच द्यावी, गर्भवतीने ती हाताळू नये. ती शीतकपाटात ठेवावी लागते, आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी.

हा उपचार रोग मुळापासून काढत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टी-पेशींच्या प्रकारात मध्यक आयुर्मान ९३० दिवस, तर बी-पेशींच्या प्रकारात ४८० दिवस आढळले. म्हातारपणीच्या कुत्र्यासाठी हा काळ थोडा नव्हे. मात्र काहींमध्ये आजार अचानक आक्रमक लिम्फोमाचे रूप घेतो. ग्रंथी झपाट्याने सुजल्या किंवा कुत्र्याने अन्न सोडले, तर ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.