प्रागैतिहासिक बालसाहसकथा

प्रागैतिहासिक बालसाहसकथा हा ऐतिहासिक कथासाहित्याचा एक उपप्रकार आहे. लेखनकला अवगत होण्यापूर्वीच्या, विशेषतः शिकार व अन्नसंकलनावर जगणाऱ्या मानवसमूहांत घडणाऱ्या आणि बाल व कुमार वाचकांसाठी लिहिलेल्या साहसकथांचा त्यात समावेश होतो. इतर ऐतिहासिक कथांना बखरी, पत्रे व शिलालेख यांचा आधार असतो. या प्रकारात मात्र पात्रांची नावे, त्यांची भाषा, नातेसंबंध आणि श्रद्धा हे सर्व लेखकालाच रचावे लागते. त्याच्या हाती असतात ती दगडी हत्यारे, हाडे, चुलींची राख आणि शैलचित्रे.

उगम व प्रमुख कृती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानवाची प्राचीनता शास्त्रीयदृष्ट्या मान्य झाली आणि त्यानंतर हा प्रकार युरोप व अमेरिकेत रुजला. मुंबईत जन्मलेले रुडयार्ड किपलिंग यांच्या १९०२ मधील 'जस्ट सो स्टोरीज' या संग्रहात टॅफी नावाच्या आदिम मुलीची कथा आहे. मासे मारताना वडिलांचा भाला मोडतो. दुसरा भाला मागवण्यासाठी टॅफी झाडाच्या सालीवर चित्र काढून ते एका परक्या माणसाबरोबर आईकडे पाठवते. आई त्या चित्राचा भलताच अर्थ लावते आणि निरोप्याला मार खावा लागतो. कथा विनोदी आहे, तरी लिपी कशी जन्मली असेल या गंभीर प्रश्नाला ती हात घालते.

फ्रेंच लेखक जे. एच. रोनी (थोरले) यांची 'ला गेर द्यू फ' ही कादंबरी १९११ मध्ये पुस्तकरूपाने आली. शीर्षकाचा अर्थ 'अग्नीसाठी युद्ध'. टोळीजवळचा जपलेला अग्नी विझतो, नवा पेटवण्याची विद्या कोणालाच ठाऊक नसते आणि नाओ हा तरुण दोन साथीदारांसह अग्नीच्या शोधात निघतो. या कादंबरीवर १९८१ मध्ये चित्रपट निघाला. अलीकडील कृतींत मिशेल पेव्हर यांची २००४ मध्ये 'वुल्फ ब्रदर'पासून सुरू झालेली मालिका विशेष वाचली गेली. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या उत्तर युरोपातील तोराक हा बारा वर्षांचा अनाथ मुलगा, रेन ही मुलगी आणि लांडग्याचे पिल्लू ही तिची मुख्य पात्रे होत. मालिकेतील 'घोस्ट हंटर' या भागास २०१० चा गार्डियन बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

भारतीय भाषांत राहुल सांकृत्यायन यांच्या 'व्होल्गा से गंगा' या हिंदी संग्रहातील 'निशा' ही पहिली कथा इ. स. पू. ६००० मधील एका मातृप्रधान टोळीची आहे. संग्रहाचा मराठी अनुवाद झाला आहे. मात्र तो मुलांसाठी लिहिलेला नाही. मराठीतील ऐतिहासिक साहसकथा प्रामुख्याने शिवकाळ, गडकिल्ले आणि मराठेशाही यांभोवतीच फिरत राहिली.

महाराष्ट्रातील पुरातत्त्वीय आधार

अशा कथेला लागणारी सामग्री महाराष्ट्रात विपुल आहे. १८६५ मध्ये पैठणजवळील मुंगी येथे गोदावरीच्या जीवाश्मयुक्त गाळात वाइन या भूवैज्ञानिकास अकिकाचा छिलका मिळाला. पुढे हसमुख सांकलिया यांनी नेवासे येथे उत्खनन केले. तेथील मध्य पुराश्मयुगीन हत्यारांवरून 'नेवासियन' ही संज्ञा रूढ झाली. गोदावरी आणि तिची उपनदी मांजरा यांच्या गाळांत नामशेष झालेल्या हत्तींचे व पाणघोड्यांचे अवशेषही सापडले आहेत. मराठवाड्यातील मुलाला ओळखीच्या नदीकाठी पाणघोडा दिसावा, एवढे कुतूहल कोणत्याही साहसकथेला पुरेसे आहे.

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचे थर असून त्यांच्या सान्निध्यात अश्युलियन परंपरेची हातकुऱ्हाडीसारखी हत्यारे मिळाली. (परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरी हे वेगळे गाव असून या दोहोंची अनेकदा गल्लत होते.) ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून कितीतरी जुनी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा सापडला. त्यांचा काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा मानतात. भारतात शहामृग होते, हे अनेक वाचकांना ठाऊक नसते.

कोकणच्या सड्यांवरील कातळशिल्पांत कशेळी येथील प्रचंड हत्तीची आकृती प्रसिद्ध आहे. ही शिल्पे नेमकी कोणी व केव्हा कोरली हे अनिर्णित आहे. भीमबेटकाची चित्रे १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकर यांनी प्रकाशात आणली; त्यांतील शिकारीच्या व नृत्याच्या प्रसंगांतून समूहजीवनाचा अंदाज बांधता येतो.

आक्षेप

माणूस आणि डायनोसॉर एकाच काळात दाखवणे हा या प्रकारातील सर्वांत ढोबळ दोष. डायनोसॉर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाले, तर माणसाचा सर्व इतिहास त्यानंतरचा आहे. युरोपीय कथांतील चकमकीचा दगड आणि बर्फाळ गुहा जशाच्या तशा दख्खनमध्ये आणणे हाही असाच दोष. येथील हत्यारे आरंभी बेसाल्ट व डोलेराइटची आणि पुढे अकीक, जास्पर यांसारख्या बारीक पोताच्या दगडांची होती. नदीकाठी असा दगड शोधणे हाच एक प्रवास असे.

अधिक गंभीर आक्षेप चित्रणाविषयी आहे. जुन्या कथांत शिकारी माणूस गुरगुरणारा, क्रूर आणि बुद्धिहीन दाखवला जाई. मग तीच प्रतिमा हयात असलेल्या आदिवासी व भटक्या समूहांवर लादली जाई. ब्रिटिश काळातील गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसह अनेक समूहांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी शिक्का पुसला गेला नाही. फासे लावणे, माग काढणे आणि ऋतूंचे भान ही शिकारी समूहांची कौशल्ये कथाकाराला उपयोगी पडतात. परंतु त्या कौशल्यांच्या वारसदारांना 'अश्मयुगात राहिलेली माणसे' म्हणणे चूक आहे, कारण तेही इतरांइतकेच आजच्या काळातील आहेत.