आमच्या दारावरची कमान



स्मरणिकेसाठी लेख द्या असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लेख लिहायचा तो शिकलेल्यांनी, असे मला वाटे. पण त्या म्हणाल्या, "मंडळाच्या दाराची कमान तुमच्यामुळे राहिली, तिचेच लिहा." म्हणून हे धाडस करते आहे. चुकभूल पदरात घ्यावी.

मंडळाची खोली जुन्या वाड्यातली. दाराला चौकट आहे आणि चौकटीवर विटांची अर्धगोल कमान. आपण सगळ्या तिच्याखालून येतो-जातो, पण वर मान करून तिच्याकडे पाहिले कोणी? मीही गवंड्याची मुलगी असून पाहिले नव्हते. गेल्या पावसाळ्यात तिला तडा गेला, माती गळू लागली, तेव्हा सगळ्यांचे लक्ष गेले.

कमान म्हणजे काय, ते माझ्या वडिलांनी मला लहानपणी सांगितले होते. दमलेल्या दोन बाया पाठीला पाठ लावून बसल्या, की दोघींनाही टेकू मिळतो. एक उठली की दुसरी कलंडते. कमानीतल्या विटा तशाच. प्रत्येक वीट शेजारणीवर रेलते, आणि सगळा भार दोन्ही बाजूंनी उतरत खाली पायात जातो. विटेला दाब सोसतो, ताण सोसत नाही. आडवी वीट अधांतरी ठेवून वर भिंत चढवली तर ती मोडेल. तीच कमानीत बसवली की शेकडो वर्षे उभी राहील. मात्र कमान पाय बाहेर रेटते. तो रेटा झेलायला दोन्ही अंगांना जाड भिंत हवी, आणि खालची जमीन पक्की हवी. एक पाय हलला की कमान बोलू लागते, असे वडील म्हणत. बोलणे म्हणजे तडा.

ही विद्या फार जुनी. मोहेंजोदडोला स्नानकुंडाचे पाणी वाहून नेणारे विटांचे गटार आहे. त्यावर दोन्ही बाजूंनी एकेक थर थोडा थोडा पुढे सरकवून छत केले आहे. दिसायला ते कमानीसारखे, पण खरी कमान नव्हे. त्यात विटा आडव्याच असतात, एकमेकींवर रेलत नाहीत. खरी कमान आपल्या देशात विटांत पाहायची तर कानपूरजवळच्या भितरगावच्या देवळात. ते गुप्तकाळातले, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे. आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यात तेर येथे त्रिविक्रमाचे देऊळ आहे. तेही विटांचेच, मागून अर्धगोल आणि वरून पिंपाच्या पाठीसारखे. मुळात ते बौद्धांचे चैत्यगृह असावे, असे जाणकार सांगतात. परदेशात पाहिले तर बगदादजवळ तेसिफोन येथे इराणी राजांच्या दरबाराची विटांची कमान अजून उभी आहे. तिचा गाळा सुमारे पंचवीस मीटरचा. आतली विटांची कडी मागच्या भिंतीला किंचित कलती टेकवून, एकामागे एक अशी चढवलेली. त्यामुळे खाली लाकडाचा साचा फारसा लागला नाही, असे सांगतात.

विद्या होती, पण सर्वत्र वापरात नव्हती. दिल्लीला कुतुबमिनाराशेजारच्या मशिदीपुढे ११९९ च्या सुमारास मोठ्या कमानींची दगडी भिंत बांधली. बांधणारे हात इथलेच. त्यांना आकार नवा मिळाला, पण त्यांनी तो आपल्या हातच्या रीतीने, म्हणजे दगड पुढे सरकवूनच साधला. दिल्लीत खरी कमान दिसते ती बल्बनच्या कबरीत. तो १२८७ साली वारला. पुढे १३११ साली अलाई दरवाजा झाला, तोवर हात चांगला बसला होता. मला यात कारागिरांचे कौतुक वाटते. नवे शिकायला त्यांना दोन-तीन पिढ्या लागल्या, पण शिकले.

दक्षिणेत या कामाची कमाल विजापूरला झाली. १६५६ च्या सुमाराचा गोल घुमट बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा, आणि तो विटा व चुन्याचा आहे. खाली चौकोनी दालन, वर गोल घुमट. या दोहोंची सांगड एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींनी घातली आहे. पुण्याचा शनिवारवाडा १७३० ते १७३२ मध्ये झाला. त्याच्या तटाचे खालचे काम दगडी, वरचे विटांचे. १८२८ च्या आगीत आतले सारे लाकूडकाम जळाले. दगड आणि विटा मागे राहिल्या. लखनौचा बडा इमामबाडा १७८४ साली दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून नवाब आसफउद्दौलाने सुरू केला. पन्नास मीटर लांबीचे दालन, पण तुळई एकही नाही. सारे छत लहान विटांच्या कमानदार कामावर. म्हणजे त्या विटांनी उपाशी माणसांना जगवले.

आणि आपला बोरघाट! तिथल्या रेल्वेच्या कमानी दगडी आहेत, पण एका बाईमुळे त्यांचा उल्लेख करते. घाटाचे कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल या साहेबाने घेतले होते. १८५९ साली तो इकडे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट सोडले नाही. अनुभवी इंजिनियर नेमून ते पुरे करवले, आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. ऐन कामात तिथे चाळीस हजारांवर मजूर होते. पटकीने आणि अपघातांनी कितीतरी मेले. त्यांत पाट्या वाहणाऱ्या बायाही होत्या. ॲलिसचे नाव पुस्तकात आले. त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत.

माझी आई अशाच बायांपैकी. वडील गवंडी, आई त्यांच्या हाताखाली. लोक म्हणत, कमान मिस्त्रींनी बांधली. पण वडिलांच्या थापीवर चुना येई तो आईच्या हातून. चुनकळी पाण्यात विरवायची, ती रटरटते तेव्हा दूर उभे राहायचे, मग ती मुरू द्यायची. भट्टीच्या पक्क्या विटांचे रोडे कुटून, चाळून सुरखी करायची. मोठ्या कामावर चुना घाणीत मळत. गोल चरात बैल दगडी चाक फिरवी. लहान कामाला ते आईलाच कुटावे लागे. विटा आधी पाण्यात बुडवून ठेवायच्या, नाहीतर कोरडी वीट चुन्यातले पाणी पिऊन टाकते आणि सांधा धरत नाही. हे सारे करून तिला रोज मिळे तो गड्यापेक्षा कमी. वडिलांनीही त्याबद्दल कधी तोंड उघडले नाही, हे मुलगी म्हणून लिहिताना जड जाते.

कमान बांधायची रीत अशी. आधी सुतार फळ्यांचा अर्धगोल साचा करी. तो खांबांवर ठेवून खाली पाचरी मारायच्या. मधोमध खिळा ठोकून दोरी बांधायची; प्रत्येक वीट त्या दोरीच्या रेषेत बसली पाहिजे. विटा दोन्ही पायांकडून सारख्याच चढवायच्या, इकडे पाच तर तिकडे पाच, नाहीतर साचा एका अंगाला कलतो. साध्या विटेला निमुळतेपणा नसतो, म्हणून सांधा खाली बारीक आणि वर जाड ठेवायचा. शेवटी माथ्यावर एका विटेची जागा उरते. ती वीट घासून, जेमतेम बसेल अशी करून, लाकडाने ठोकत आत घालायची. तिला वडील चावी म्हणत. मग खरी परीक्षा, ती धीराची. चुना सिमेंटसारखा लगेच आवळत नाही. साचा तीन आठवडे तसाच ठेवायचा, आणि मग पाचरी एकदम न काढता रोज थोड्या थोड्या सैल करायच्या, म्हणजे कमान हळूहळू आपल्या अंगावर भार घेते.

हा धीर नसला तर काय होते, ते मी पाहिले आहे. १९९१ साली वडील एका वाड्याची दुरुस्ती करत होते. मी सातवीत होते. मालकांच्या घरी लग्न होते. कमान होऊन सहा दिवस झाले आणि मालक म्हणाले, "मिस्त्री, दारातले लाकूड काढा, वरात यायची आहे." वडील नको नको म्हणत राहिले. शेवटी मालकांनी दुसऱ्या माणसाकडून पाचरी काढवल्या. आई खालून पाटी घेऊन जात होती. कमानीचा माथा बसला आणि विटा तिच्या खांद्यावर आल्या. तिचा उजवा हात पुढे कधी वर गेला नाही. मालकांनी काम कच्चे म्हणून मजुरी कापली. घरचे पाणी, भाकरी, धाकटी भावंडे माझ्याकडे आली, आणि माझी शाळा तिथेच थांबली. त्यानंतर वडिलांनी कमान धरली नाही. लोकांनाही नको होती. लोखंडी सळ्या घालून सिमेंटची आडवी तुळई चार दिवसांत होई. मी तिला नावे ठेवत नाही. तिच्यात लोखंड ताण सोसते, साच्याचा खर्च कमी, बायांचे कुटणेही वाचले. तरीपण केरळात लॉरी बेकर नावाचे वास्तुकार होऊन गेले, २००७ साली वारले. त्यांनी शेवटपर्यंत विटांच्या कमानी बांधून गरिबांची घरे स्वस्तात उभी केली, कारण कमानीला लोखंड लागत नाही. म्हणजे ही रीत नुसती जुनी आहे, वाया गेलेली नाही.

आता आपल्या दाराकडे येते. ठेकेदार पाहून गेला. कमान पाडा, तुळई टाका, म्हणाला. सभेत बहुतेकजणी तयार होत्या. मी उठून म्हटले, "आठ दिवस द्या, माझ्या वडिलांना दाखवते." वडील आता ऐंशीच्या घरात. दिसते कमी. त्यांनी कमानीवर नुसता हात फिरवला, मग खाली बसून डाव्या पायाशी माती चाचपली. म्हणाले, "कमान शहाणी आहे. पाय ओला आहे." पागोळीचे पाणी तिथेच मुरत होते. पन्हळ मोडली होती, आणि ती दुरुस्त करायला आपण दोन वर्षे पुढे ढकलत होतो, हे इतिवृत्तात आहे.

मग पन्हळ बदलली. कमानीखाली साचा देऊन पाय पक्का केला. माथ्याच्या अकरा विटा सुटल्या होत्या, त्या काढून परसातल्या पडक्या भिंतीच्या जुन्या विटा घेतल्या. दोन विटा एकमेकींवर वाजवून वडील खणखणीत तेवढ्या निवडत. सुरखी आपणच कुटली, तेव्हा कोणाच्या हाताला फोड आले ते सगळ्यांना ठाऊक आहे. वडिलांचा हात कापत होता, म्हणून विटा मी बसवल्या. ते खाली खुर्चीवर बसून सांगत. लहानपणी मी थापीला हात लावला की ते म्हणत, "पोरीचे काम नव्हे." या वेळी चावीची वीट मी दोनदा घासली तरी बसेना. ते म्हणाले, "घाई करू नकोस. तुझ्या आईला घाई भोवली, ती आपली नव्हती." इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल ते प्रथमच बोलले. आई जाऊन आता नऊ वर्षे झाली.

तीन आठवडे आपण मागच्या दाराने वाकून आलो. हळदीकुंकूही ओसरीवर झाले, थोडी कुरकुरही झाली. बाविसाव्या दिवसापासून पाचरी सैल केल्या. कमान हलली नाही.

असो. इतिहास राजवाड्यांचा असतो तसा आपल्या दाराचाही असतो, एवढेच मला सांगायचे होते. एक विनंती करून थांबते. तोरणासाठी कमानीच्या विटांत खिळा ठोकू नये. लाकडी चौकटीला खिळे आहेत, तिथे बांधावे. आणि पावसाळ्याआधी पन्हळ पाहून घ्यावी. ते काम यंदा माझ्याकडे द्यावे.