गालातली चरबी: ग्रंथीपासून मिलीलिटरपर्यंत

गालाच्या आत, स्नायूंच्या मधल्या पोकळीत चरबीचा एक गोळा असतो: बकल फॅट पॅड. लोरेन्झ हाइस्टर या जर्मन शल्यचिकित्सकाने 1732 मध्ये त्याचं वर्णन केलं, पण ग्रंथी म्हणून! ही ग्रंथी नसून चरबी आहे, हे फ्रान्सच्या झाव्हिए बिशाने 1801-02 च्या सुमारास सांगितलं. गंमत बघा, बिशाचा सूक्ष्मदर्शकावर विश्वास नव्हता. सगळी भिस्त विच्छेदनावर. तिशीतच तो गेला, गोळ्याला मात्र त्याचं नाव चिकटलं.

1977 मध्ये एग्येदी यांनी तोंडातली छिद्रं बुजवायला हा पॅड वापरला. वापरायचा म्हटलं की किती मिळेल, हे आलंच. मृतदेहातून काढून मोजता येतो. जिवंत माणसाचं काय?

इथे सीटी आला. 1971 मध्ये लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिला रुग्ण तपासला गेला. त्यांच्याच नावाच्या मापात पाणी 0, तर चरबी साधारण उणे 100. म्हणजे आकड्यावरून चरबी वेगळी काढता येते. मग प्रत्येक काप घ्यायचा, चरबीची कड आखायची, क्षेत्रफळाला कापाच्या जाडीने गुणायचं आणि सगळी बेरीज करायची. यामागचं तत्त्व कावालिएरीचं, 1635 मधलं. सॉफ्टवेअर कितीही नवं असो!

खरी अडचण कड आखण्यात आहे. पॅडचे फाटे वर कानशिलापर्यंत जातात, बाहेर त्वचेखालचीही चरबीच, आणि मधलं पातळ आवरण सीटीत धड दिसत नाही. ही कड कुठे धरायची, ते संशोधक ठरवतो. प्रौढांत पॅड सरासरी 10 मिलीच्या आसपास भरतो. तो गोल मानला तर त्रिज्या सुमारे 13.4 मिमी. कड सगळीकडून फक्त 1 मिमी आत घेतली की उरतात 7.9 मिली. दोन मिली गायब! गाल बारीक करण्याच्या शस्त्रक्रियेत पॅडचा काही मिलीचाच भाग काढतात, त्यामुळे ही चूक किरकोळ नाही. वयानुसार चेहरा आणखी उतरतो, आणि काढलेली चरबी परत येत नाही.

एमआरआयमध्ये मऊ ऊती जास्त स्पष्ट दिसतात आणि क्ष-किरणही नाहीत. दातांच्या दवाखान्यातल्या कोन-बीम सीटीचे राखाडी आकडे मात्र हाउन्सफील्ड मापाशी नीट जुळत नाहीत. उणे 100 चा हिशोब तिथे जसाच्या तसा चालवू नका. शिवाय स्कॅन बहुतेक वेळा आडवं झोपवून होतो, आणि गाल आपण बघतो बसल्या-उभ्या माणसाचे.