मुंबईची ३९ मिनिटं

‘पोरं रात्रभर मोबाइल घेऊन जागतात, म्हणून पहिल्या तासाला पेंगतात,’ हे पालकसभेतलं ठरलेलं निदान. मोबाइल निर्दोष नाहीच. पण मुंबईच्या मुलांच्या सकाळच्या झोपेला पहिली कात्री लागली ती सरकारी घड्याळाची, आणि तीही मोबाइलच्या कितीतरी आधी.

१८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी रेल्वेच्या सोयीचा ‘मद्रास टाइम’ मुंबईला लावला. तो शहराच्या सूर्यापेक्षा सुमारे अर्धा तास पुढे. लोक चिडले, वर्तमानपत्रांनी झोड उठवली आणि १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. राजाबाई टॉवरवर कोणती वेळ दाखवायची यावरून तर सरकार आणि विद्यापीठ यांची जुंपली. घड्याळ स्थानिक वेळ दाखवणार असेल तर त्याच्या रोषणाईचा खर्च आम्ही देणार नाही, असं सरकारनं बजावलं!

१ जानेवारी १९०६ला भारतीय प्रमाणवेळ आली. तिचं रेखावृत्त साडेब्याऐंशी अंशांचं, उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणारं. लखनऊत सूर्य या घड्याळापेक्षा जेमतेम सहा मिनिटं मागे असतो. मुंबईत ३९ मिनिटं. गिरणीचा भोंगा आता अंधारातच वाजणार, हे कामगारांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. त्याच महिन्यात ते रस्त्यावर उतरले. महापालिकेनंही ‘बॉम्बे टाइम’, म्हणजे शहराची जुनी स्थानिक वेळ, सोडली नाही. एकाच शहरात दोन वेळा चालत राहिल्या, थेट स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांपर्यंत. मग जुनी वेळ गेली आणि तिच्याबरोबर तक्रारही.

शाळांची घंटा मात्र पुढे सरकली नाही. उलट, जागा अपुरी आणि मुलं फार म्हणून एकाच इमारतीत सकाळचं आणि दुपारचं अशी दोन अधिवेशनं भरू लागली. पुष्कळ ठिकाणी मोठ्या वर्गांच्या वाट्याला सकाळ आली. मोठी मुलं लवकर उठू शकतात, हा त्यामागचा हिशेब. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. सातच्या शाळेतली मुलं तेव्हा प्रार्थना आटोपून बाकावर बसलेली असतात.

हा हिशेबच उलटा होता. मेरी कार्सकाडन यांनी १९७६पासून स्टॅनफर्डमध्ये मुलांच्या झोपेची उन्हाळी शिबिरं घेतली. वयात येताना झोपेची गरज कमी होत नाही, हे त्यांतून दिसलं. पुढच्या अभ्यासांतून कळलं की या वयात मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवतं आणि शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. अकराला डोळा लागून साडेपाचला उठणाऱ्याला ती कुठून मिळणार?

प्रमाणवेळेचा धागाही इथे येऊन मिळतो. मौलिक जगनानी या अर्थतज्ज्ञानं भारतातल्या मुलांची झोप सूर्यास्ताशी ताडून पाहिली. सूर्य तासभर उशिरा मावळतो तिथे मुलं सुमारे अर्धा तास कमी झोपतात, असं त्याला आढळलं; कारण झोपायला उशीर होतो आणि शाळा तर ठरल्या वेळीच भरते. देशाच्या पश्चिम टोकाला राहण्याची ही किंमत.

डिसेंबर २०२३ मध्ये राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. स्कूलबसवाल्यांनी वाहतूक कोंडीचं कारण पुढे करून विरोध केला, तो अगदीच निराधार नव्हता. पण खरी चूक निराळीच. आठवी-नववीच्या ज्या मुलांना सकाळची झोप शरीरधर्मानंच लागते, त्यांना निर्णयात जागाच नाही. कॅलिफोर्नियानं २०१९ साली कायदा केला तो नेमका मोठ्यांसाठी. २०२२पासून तिथली बहुतेक सरकारी हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत. महाराष्ट्राला तेवढं जमणार नसेल, तर निदान माध्यमिकची अधिवेशनं दुपारी घ्यावीत. इमारत तीच, शिक्षक तेच, फक्त वेळांची अदलाबदल.