टपालाच्या बोटीचा सौदा

मंडळी, ह्या वेळचा विषय वाचून घरचेच पहिल्यांदा विचारतील, "कळसाडीच्या माणसाला आगबोटींचं काय पडलंय?" प्रश्न रास्त आहे. आमच्या नंदुरबारकडे पाणी म्हणजे तापी, नर्मदा, नाहीतर विहीर. समुद्र बघायचा तर सुरतेकडे उतरायचं किंवा थेट मुंबई गाठायची. पण एकोणिसाव्या शतकात विलायतेची डाक मुंबईला कोणी आणायची, किती दिवसांत आणि किती पैशांत, ह्याचे जे करार झाले त्यांची झळ खानदेशापर्यंत पोचत होती. त्या करारांवर सही करणाऱ्यांत आपलं कोणी नव्हतं. पैसे भरणाऱ्यांत मात्र आपण होतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. शिडाची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायची तेव्हा पत्र पोचायला चार-सहा महिने सहज लागत. २० मार्च १८३० रोजी 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट मुंबईहून सुवेझला निघाली आणि सुमारे महिन्याभरात पोचलीसुद्धा. ही बोट मुंबईच्याच गोदीत, वाडियांच्या हाताखाली बांधलेली. तिच्यात कोळसा इतका ठासून भरावा लागला होता की माणसांना जागाच उरली नाही. वेळ वाचला, पण खर्च बघून लंडनमधल्या कंपनी सरकारच्या संचालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

इथेच खरी मेख आहे. टपालाची बोट ठरल्या दिवशी सुटलीच पाहिजे, मग माल अर्धा भरलेला असो की रिकामी असो. तिच्यासाठी कोळसा वेल्समधून शिडाच्या जहाजांनी आधीच एडनला नेऊन ठेवावा लागे. नुसत्या भाड्यावर हे जमत नव्हतं. म्हणून सरकार दरसाल ठरावीक रक्कम देणार, आणि त्या बदल्यात कंपनी ठरलेल्या दिवसांत डाक पोचवणार, उशीर झाला तर दंड भरणार, असे करार सुरू झाले.

ह्या धंद्यात सगळ्यांत मोठी झाली पी. अँड ओ. कंपनी. १८४० साली तिला राजसनद मिळाली आणि लवकरच सुवेझ-कलकत्ता मार्ग तिच्याकडे आला. मुंबई-सुवेझ मार्ग मात्र ईस्ट इंडिया कंपनीनं हट्टानं स्वतःकडेच ठेवला होता. तो शेवटी १८५४ साली सुटला, आणि पी. अँड ओ. वर्षाला २४,७०० पौंडांत मुंबई-एडन डाक आणू लागली. एडनला ती कलकत्त्याच्या बोटींना जोडली जाई.

मोठा सौदा झाला १८६७ साली. मुंबईला दर आठवड्याला डाक हवी, अशी शिफारस पार्लमेंटच्या समितीनं आदल्याच वर्षी केली होती. ह्या करारातली अट वाचून मी दोनदा चष्मा पुसला. वर्षाला चार लाख पौंड तर द्यायचेच, पण कंपनीचा लाभांश आठ टक्क्यांच्या खाली गेला तर सरकारनं आणखी एक लाखापर्यंत भर घालायची! आठच्या वर गेला तर जादा नफ्यातला चौथा हिस्सा सरकारला. म्हणजे भागधारकाच्या घरचं तूप कमी पडू नये ह्याची हमी सरकारी तिजोरीनं घेतली. तीन वर्षांत ही अट काढून सरसकट साडेचार लाख पौंड ठरले.

असा करार सरकारनं का केला? कारण समोर दुसरा गिऱ्हाईक नव्हता. इतक्या लांबच्या मार्गावर इतक्या बोटी, इतके कोळशाचे साठे आणि इतके खलाशी एकाच कंपनीकडे होते. वाटाघाटीत ज्याला पर्याय नसतो त्याला शेवटी मान तुकवावी लागते, मग ते साम्राज्य का असेना.

पण काळ पालटतो. १८६९ साली सुवेझ कालवा उघडला. गंमत म्हणजे पोस्टखात्याचा करार जुन्या वाटेचा, डाक इजिप्तमधून रेल्वेनं नेण्याचा. बोट कालव्यातून आरपार जाऊ शकत असताना पिशव्या मात्र उतरवून आगगाडीत घालायच्या! कालव्यातून नेण्याची परवानगी मिळायला १८७४ उजाडलं, आणि तीही कंपनीनं वर्षाला वीस हजार पौंड सोडून दिल्यावर. पुढे इंजिनं सुधारली, कालव्यामुळे कोणाचीही आगबोट पूर्वेला येऊ लागली, आणि रक्कम उतरू लागली. १८८० च्या करारात ३,६०,००० पौंड, १८८८ च्या करारात २,६५,०००. बोटी मात्र आधीपेक्षा वेगानं धावत होत्या. म्हणजे दर कमी करता येत होता. प्रश्न होता तो पर्यायाचा.

आता खानदेशाकडे येऊ. १८६८ पासून मुंबई हे साऱ्या हिंदुस्थानचं डाकेचं बंदर झालं. एडन ते मुंबई बोटीवरच टपालखात्याचे कारकून पत्रं गावोगावची वेगळी करत बसत, म्हणजे बंदरात वेळ जाऊ नये. मार्च १८७० मध्ये जबलपूरला रेल्वे जोडली गेली आणि कलकत्त्याची डाक आगगाडीनं चाळीसगाव, जळगाव, भुसावळ अशी खानदेशातून धडधडत जाऊ लागली. त्या पिशव्यांमध्ये लिव्हरपूलच्या कापसाच्या पेढ्यांची पत्रंही असत. तारा पुढे आल्या, पण सविस्तर व्यवहार, हिशेब आणि हुंड्या पत्रानंच चालायच्या. आमच्याकडच्या शेतकऱ्याला आपल्या कापसाचा भाव कुठून ठरतो हे बहुधा ठाऊकही नसेल.

आणि ह्या करारांच्या रकमेचा एक वाटा हिंदुस्थानच्या महसुलातून जात असे. तो महसूल म्हणजे मुख्यतः शेतसारा. करार लंडनला, वाटा इथून.

ह्याचं पुढे काय झालं ते जमशेटजी टाटांना विचारावं. मुंबईचं सूत चीन-जपानला जायचं आणि त्या मार्गावर पी. अँड ओ. आणि तिच्या सोबतच्या कंपन्यांनी संगनमतानं भाडं वाढवून ठेवलं होतं. १८९३ साली टाटा जपानला गेले आणि निप्पॉन युसेन कैशा ह्या जपानी कंपनीशी बोलणी केली. भाडं ठरलं टनाला बारा रुपये. स्वतः टाटांनीही भाड्यानं बोटी घेऊन 'टाटा लाइन' काढली. पी. अँड ओ.नं काय केलं? भाडं थेट दीड रुपयापर्यंत उतरवलं. ज्या कंपनीला आपल्या महसुलातून टपालाचे पैसे मिळतात, तिनं आपल्याच व्यापाऱ्याला चिरडावं ही टाटांची तक्रार होती. कंपनी म्हणू शकते की ते पैसे टपालाचे, मालाच्या भाड्याशी त्यांचा संबंध नाही. कागदावर हे खरं आहे. पण दरसालची बांधलेली रक्कम ज्याच्या खिशात असते, त्याला तोटा सोसत बसणं सोपं जातं. स्वस्त भाड्याच्या मोहानं इथले व्यापारी टाटांना सोडून गेले आणि टाटा लाइन लवकरच बंद पडली.

जपानी कंपनी मात्र टिकली. तिकडच्या सूतगिरणीवाल्यांनी आपला कापूस तिच्याच बोटीनं आणायचं आधीच ठरवून दिलं होतं. म्हणजे करार त्यांनीही केला, पण स्वतःच्या टेबलावर बसून, स्वतःच्या मालासाठी. आपल्या लोकांची समुद्रापारची मोठी आगबोट, सिंधिया कंपनीची 'लॉयल्टी', मुंबईहून लंडनला निघायला एप्रिल १९१९ उजाडावं लागलं.

आगबोट वाईट नव्हती. वेळेवर आलेल्या पत्राचं सुख आपल्याही माणसांना मिळालं. खटकतं ते एवढंच की सत्तर-ऐंशी वर्षं बोलणी चालली, आणि ज्याच्या शेतसाऱ्यातून वाटा गेला त्याला कोणी एकदाही विचारलं नाही की बाबा, तुला ही डाक आठवड्यानं हवी की पंधरवड्यानं, आणि तू किती देशील?

असो. तुमच्यापैकी कोणाच्या घरी माळ्यावर कापसाच्या जुन्या पेढीचे कागद, पावत्या, विलायती शिक्क्याची पाकिटं पडली असतील तर रद्दीत घालू नका. शिक्क्यावरच्या दोन तारखा बघा, निघाल्याची आणि पोचल्याची. मधले दिवस मोजा. त्या दिवसांची किंमत कोणीतरी भरली होती.