वायूची वाहिनी: दाभोळच्या किनाऱ्यापासून बेळगावच्या शेतापर्यंत

‘गेल’ची दाभोळ–बेंगळुरू नैसर्गिक वायुवाहिनी २०१३ मध्ये कार्यान्वित झाली. सुमारे १,००० किलोमीटरची ही वाहिनी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून सह्याद्री ओलांडून कोल्हापूर, बेळगाव, धारवाडच्या बाजूने दक्षिणेला जाते. तिची एक शाखा बेळगाव जिल्ह्यातून गोव्यात उतरते. म्हणजे गोव्याच्या कारखान्यांत जळणारा वायू सीमाभागातील शेतांखालून येतो. किनाऱ्यावरील प्रकल्पाला परवानगी देताना होणारी छाननी आणि शेताखालून नळ नेताना होणारी छाननी यांत मोठे अंतर आहे. ते फारसे चर्चिले जात नाही.

नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की द्रवरूप होतो आणि त्याचे आकारमान सुमारे ६०० पटींनी घटते. त्यामुळे तो जहाजाने आणता येतो. किनाऱ्यावर तो टाक्यांत साठवून पुन्हा वायुरूप केला जातो. ‘दाभोळ’ या नावाने ओळखले जाणारे टर्मिनल प्रत्यक्षात दाभोळ गावात नाही. ते वाशिष्ठीच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यातील अंजनवेल–वेलदूर परिसरात आहे. एन्रॉनच्या वीजप्रकल्पाचा भाग म्हणून त्याचे बांधकाम सुरू झाले आणि २००१ मध्ये प्रकल्पच बंद पडल्याने ते अर्धवट राहिले. २००५ मध्ये स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे ते आले. जानेवारी २०१३ मध्ये टर्मिनल सुरू झाले, पण लाटा अडवणारा बांध अपुरा असल्याने पावसाळ्यात तेथे जहाजे लागू शकत नसत. वर्षाला ५० लाख टन क्षमतेचे टर्मिनल त्यामुळे कित्येक वर्षे बऱ्याच कमी क्षमतेने चालले. कागदावर मंजूर झालेला प्रकल्प आणि समुद्रात उभा राहिलेला प्रकल्प एकच असेल असे गृहीत धरता येत नाही, हे दाखवायला दाभोळचा हा बांध पुरेसा आहे.

असे नवे टर्मिनल आज उभारायचे झाल्यास १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार केंद्राची पूर्वमंजुरी लागते. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला किमान ३० दिवसांची सूचना देऊन जनसुनावणी घ्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. सुनावणीचे अध्यक्षपद जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी भूषवतो, कामकाजाचे चित्रीकरण होते आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत समजावून सांगावे लागते. त्यानंतर केंद्राची तज्ज्ञ समिती शिफारस करते. किनारा नियमन क्षेत्रासाठी राज्याच्या किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाचे मत लागते. टाक्यांच्या सुरक्षेसाठी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचे १९४ क्रमांकाचे मानक आहे, तर टर्मिनलची नोंदणी पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाकडे होते. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत दाद मागता येते. सुनावणीतील आक्षेपांचे पुढे काय होते, हा वेगळा प्रश्न आहे. पण बोलायला जागा असते.

घाटमाथ्यावर ही जागा आक्रसते. अभयारण्ये किंवा पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्रांतून न जाणाऱ्या वायुवाहिनीला ही मंजुरी लागत नाही, म्हणून जनसुनावणीही होत नाही. तेथे १९६२ चा पेट्रोलियम व खनिज वाहिन्या कायदा लागू होतो. त्याच्या कलम ३ खाली केंद्राची अधिसूचना निघाली की तेव्हापासून २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे हरकत नोंदवायची असते. पुढे कलम ६ खालील घोषणा झाली की जमिनीच्या वापराचा हक्क केंद्राकडे आणि बहुधा तेथून कंपनीकडे जातो. मालकी शेतकऱ्याचीच राहते.

सांबरा परिसरातील लोकांना हा फरक चटकन कळेल. विमानतळाच्या विस्तारासाठी तेथील जमिनी गेल्या, त्या मालकीसह गेल्या. वाहिनीखालच्या पट्ट्यात पूर्वीसारखी पिके घेता येतात, पण घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळे खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. याचा मोबदला कायद्याने अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या १० टक्के ठरवला आहे. पिकांच्या व अन्य नुकसानीची भरपाई वेगळी असते. विहिरीवर ऊस जगवणाऱ्या गावात खोदबंदीची खरी किंमत एवढीच असते का, याचे उत्तर १९६२ च्या हिशेबात सापडत नाही.

भाषेची अडचण आहेच. केंद्राची अधिसूचना राजपत्रात हिंदी व इंग्रजीत निघते. बेळगावच्या मराठी शेतकऱ्याचा जमिनीचा उतारा मात्र कन्नडमध्ये असतो. दोन्हींतील सर्व्हे क्रमांक ताडून पाहण्यासाठी हाताशी असतात ते २१ दिवस.

हरकत घेताना कायद्यातीलच काही मर्यादा उपयोगी पडतात. अधिसूचनेपूर्वी निवासासाठी वापरात असलेली जमीन, कायमस्वरूपी बांधकाम असलेली जागा आणि घरालगतची जमीन यांखालून वाहिनी नेता येत नाही. जमिनीच्या पृष्ठभागापासून एक मीटरपेक्षा कमी खोलीवरही ती टाकता येत नाही. घोषणा अधिसूचनेपासून वर्षभरात झाली नाही, तर अधिसूचना निष्प्रभ होते. मार्गच बदलून घेणे मात्र अवघड असते. तमिळनाडू सरकारने २०१३ मध्ये शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहून ‘गेल’ची वाहिनी महामार्गाच्या कडेने न्यावी असा आग्रह धरला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो टिकला नाही.

सुरक्षेची शंका काल्पनिक नाही. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम येथे ‘गेल’च्या वाहिनीतून गळती होऊन भडका उडाला आणि २० हून अधिक जणांचा बळी गेला. त्यामुळे आपल्या शिवारातील वाहिनीची तपासणी केव्हा झाली, हे विचारणे रास्त ठरते. मोबदल्याची रक्कम मान्य नसल्यास शेतकरी जिल्हा न्यायाधीशांकडे जाऊ शकतो. बेळगावच्या शेतकऱ्यासाठी ते न्यायालय बेळगावातच आहे.