चाल कोणाची?

गेल्या एप्रिलमध्ये जयंतीच्या मंडपात एका तरुण कार्यकर्त्याने मला गाठले आणि विचारले, "काका, तुमच्या काळातली तुमची आवडती गाणी कोणती? आणि नावडती?" मी वामनदादा कर्डकांचे नाव घेईन, दोन आठवणी सांगेन आणि माईक पुढच्याकडे देईन, अशी त्याची अपेक्षा असावी. मी तसेच केले. पण ते अर्धे उत्तर होते. उरलेले अर्धे सांगायला मंडपात तोंड उघडेना, म्हणून ते येथे लिहितो.

खरी गोष्ट अशी की, वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी मला सर्वांत नावडती गाणी होती ती आपलीच. सिनेमाच्या चालींवर बांधलेली भीमगीते. वस्तीत त्यांच्यावाचून जयंती होत नसे, लग्न लागत नसे, बारशाला पाळणा हलत नसे. मी मात्र कॉलेजात गेलो होतो, मर्ढेकर वाचले होते, 'अस्सल' आणि 'अनुकरण' हे दोन शब्द मला नव्यानेच सापडले होते आणि ते मी घरच्या माणसांवर उगारत होतो.

१९७० च्या आसपासची गोष्ट. स्नेहसंमेलनात माझ्या वसतिगृहातल्या मित्राने एक भीमगीत म्हटले. चाल एका गाजलेल्या हिंदी सिनेगीताची. पहिली ओळ संपायच्या आत सभागृहाने चाल ओळखली. शिट्या सुरू झाल्या आणि मागच्या बाकांवरून सिनेमाचे मूळ शब्द त्याच्या शब्दांवर चढवून म्हटले जाऊ लागले. तो थांबला नाही. शेवटचे कडवे संपवूनच खाली उतरला. नंतर मराठीचे एक प्राध्यापक सौम्यपणे म्हणाले की, तळमळ खरी आहे, पण चाल उसनी आहे, आणि उसन्या चालीतून अस्सल काव्य येत नाही. दुसऱ्या रांगेत बसून मी मान डोलावली. एवढ्यावर थांबलो नाही. वसतिगृहाकडे परतताना तेच वाक्य मी त्याला पुन्हा ऐकवले. तो काहीही बोलला नाही.

'उसनी' हा शब्द तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. उसनवारीत दोन पक्ष असतात. कोणी कोणाकडून घेतले, हे वही काढल्याशिवाय ठरत नाही. आपल्याकडे वही काढायची चाल नाही, कारण वही नेहमी त्यांच्या घरात असते.

आधी संगीत नाटकापासूनच पाहू. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. त्यात साकी-दिंडीच्या बरोबरीने कीर्तनातल्या, लावणीच्या आणि कानडी चाली आल्या. १९११ च्या 'मानापमान'मध्ये खाडिलकरांच्या पदांना गोविंदराव टेंब्यांनी हिंदुस्थानी चिजांच्या आणि ठुमरी-कजरीच्या चाली दिल्या. आधी चाल, मग शब्द, हा त्या पदांचा सरळ मार्ग. त्याला कोणी उसनवारी म्हटले नाही. त्याला नाट्यसंगीत म्हटले गेले, मराठी मनाचे वैभव म्हटले गेले. बाईजींच्या कोठीवरची चीज मराठी शब्द लेवून आली तर ती सुसंस्कृत झाली. सिनेमाची चाल भीमाचे नाव घेऊन आली तर ती विडंबन! हा न्याय कोणत्या संगीतशास्त्रात बसतो, हे मी त्या प्राध्यापकांना विचारायला हवे होते. तेव्हा ते सुचले नाही. सुचले असते तरी धीर झाला नसता.

आता लावणीकडे वळू. ढोलकी आणि हलगी या कातड्याच्या वाद्यांवर हात बसवला तो महार-मांगांनी. गावात हलगी वाजवणे ही कला नव्हती, ते गावकीचे काम होते आणि त्याचा मोबदला शिळ्या भाकरीत मिळे. तमाशाचे फड उभे राहिले ते मुख्यतः याच जातींच्या आणि कोल्हाट्यांच्या घामावर. या फडांतल्या बायकांनी लावणी आपल्या गळ्यात आणि पायांत वागवली. इतिहासात मात्र नाव कोणाचे राहते पहा. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, हे ब्राह्मण घरातले. लावणीसाठी त्यांनी जात सोडली, वतन सोडले, हे सारे खरे आहे आणि त्यांची प्रतिभा मी नाकारीत नाही. पण त्यांची लावणी लोकांसमोर जिवंत केली ती हिवरगावच्या पवळेने. ती महाराची लेक. बापूरावांचा 'त्याग' आपण शंभर वेळा ऐकला आहे. पवळेने काय सोडले, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. जणू तिच्यापाशी सोडण्यासारखे काही नव्हतेच.

याच बापूरावांची एक हकीकत आपल्या लोकांत सांगितली जाते. तमाशाच्या उत्पन्नातले पैसे ते चळवळीसाठी घेऊन आले तेव्हा बाबासाहेबांनी ते घेतले नाहीत. महारांच्या मुली नाचवून मिळवलेला पैसा मला नको, असा त्यांचा अभिप्राय होता. या नकारामागची दृष्टी लक्षात घेतली म्हणजे आंबेडकरी जलसा का जन्मला हे उमजते. १९३० नंतरच्या वर्षांत नाशिककडे भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसे उभे केले. सत्यशोधकांच्या जलशाचा नमुना त्यांच्यापुढे होता. तमाशाचा सांगाडा ठेवला, ढोलकी ठेवली, सवालजवाब ठेवला. नाची मात्र काढून टाकली. देवाला आळवणाऱ्या गणाचा अर्थ बदलला आणि वगात राजाराणीच्या जागी काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि पुणे करार आला. आपल्याच आज्याची वस्तू आपण घासूनपुसून वापरायला काढली. ही उसनवारी नव्हे.

तिकडे स्वातंत्र्यानंतर त्याच वस्तूला दुसरीकडे भाव आला. १९४७ साली 'रामजोशी' आला, १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका'. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो १३१ आठवडे चालला. त्यातले बुगडीचे गाणे माडगूळकरांचे, संगीत वसंत पवारांचे, गळा आशा भोसल्यांचा. ते गाणे मला आवडते, आजही आवडते. उगाच खोटे कशाला लिहू? हॉटेलच्या रेडिओवर ते लागले की आम्ही पोरे रस्त्यावर उभी राहत असू. पण तबकडीच्या मधल्या गोल कागदावर गीतकार, संगीतकार आणि गायिका यांची नावे असत. ज्या फडांवर ती ठेवण, तो ठसका घडला, त्या फडांसाठी त्या कागदावर जागा नव्हती. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर राष्ट्रपतींकडून सन्मान घेऊन आल्या आणि तरी शेवटची वर्षे हलाखीत काढून २००२ साली गेल्या. बोर्डावर असताना कळा सुरू झाल्या, आत जाऊन त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, ही गोष्ट लोक कौतुकाने सांगतात. मला ती ऐकवत नाही. आत मूल टाकून बाहेर यावे लागले, ते कोणासाठी?

म्हणून मला सर्वांत नावडती गाणी विचाराल तर ती 'पिंजरा'ची. १९७२ चा शांतारामबापूंचा चित्रपट. राम कदमांचे संगीत, खेबुडकरांचे शब्द. चाली उत्तम आहेत, शब्द नेमके आहेत, उषा मंगेशकरांचा आवाज धारदार आहे. दोष कलेचा नाही. दोष आहे तो ही गाणी ज्या गोष्टीत बसवली आहेत तिचा. आदर्श गुरुजी गावात असतो, तमासगिरीण येते आणि त्याचा नाश होतो. गोष्टीचे १९३० च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटाशी असलेले नाते उघड आहे, म्हणजे उसनवारी येथेही आहेच. तिचा गवगवा मात्र झाला नाही. जर्मनीतल्या त्या नर्तकीला जात नव्हती. आपल्याकडच्या फडातल्या बाईला ती असते. गावाने ज्यांना गावाबाहेर ठेवले, ज्यांच्या मुलींना बोर्डावर उभे केले, त्यांनाच गावाच्या नीतीचा सापळा ठरवायचे! कोण कोणाच्या पिंजऱ्यात होते? थिएटरात ही गाणी लागली की पैशांचा पाऊस पडे. मीही पाहिला तो सिनेमा, दोनदा. दुसऱ्यांदा आईला घेऊन गेलो होतो. अर्ध्यातून ती म्हणाली, "चल घरी." कारण सांगितले नाही. तिची मावशी एका फडात होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

गीतरामायणाबद्दल लिहिणे यापेक्षा अवघड आहे, कारण ते वाईट मुळीच नाही. १ एप्रिल १९५५ पासून १९ एप्रिल १९५६ पर्यंत पुणे आकाशवाणीवरून माडगूळकर-फडक्यांची ५६ गीते प्रसारित झाली. रेडिओला हार घालून लोक ऐकत. आमच्या वस्तीतही ती गुणगुणली जात, कारण गोड ते गोडच. पण त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि त्यांतली दुसरीच राम-कृष्णांना देव न मानण्याची होती. एकच वर्ष, एकच भाषा, आणि दोन महाराष्ट्र. त्या ५६ गीतांत शबरी आहे, निषादांची होडी आहे. उत्तरकांडातला सीतेचा त्यागही आहे. तपश्चर्या केली म्हणून ज्याचे डोके उडवले तो शंबूक मात्र नाही. जो वाकतो त्याला गाणे मिळते. कवीने शंबूकाला मुद्दाम गाळले असे मी म्हणत नाही. त्या सुरावटीत तो बसलाच नसता, एवढेच म्हणतो. म्हणून ती गीते मी आवडती म्हणत नाही आणि नावडतीही म्हणू शकत नाही.

आवडत्या गाण्यांत पहिली येते अण्णाभाऊंची मैनेची छक्कड. लावणीतली बाई शतकानुशतके पुरुषासाठी झुरत आली. अण्णाभाऊंनी उलटे केले. वाटेगावाहून पायी मुंबईला आलेल्या या माणसाने गावात राहिलेल्या बायकोसाठी तळमळणारा कामगार उभा केला, आणि पुढे तीच मैना संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-कारवारचे रूप घेते. तिला कोणासमोर नाचावे लागत नाही.

आणि वामनदादा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस मुंबईत येऊन प्रौढपणी अक्षरे शिकला. १९४३ साली त्यांनी पहिले गीत लिहिले तेच मुळी एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर. ही चालींची निवड आळसातून आलेली नव्हती. गावोगाव पेटी वाजवणारा मिळत नसे. नवी चाल शिकवायला तालमी घ्यायला वेळ कोणाला होता? सिनेमाची चाल भोंग्यावरून वस्तीच्या कानात आधीच बसलेली असे. गायकाने पहिले कडवे म्हणेपर्यंत दुसऱ्या कडव्याला शंभर गळे साथ द्यायला तयार. चाल ही बैलगाडी होती. माल आमचा होता. आणि ज्या सिनेमाने आमच्या ढोलकीवर पैसा केला, त्याच्याकडून वामनदादांनी चार चाली परत आणल्या, तर वहीत ती उसनवारी कोणत्या बाजूला मांडायची? शिवाय शेवटच्या कडव्यात ते 'वामन' ही आपली नाममुद्रा गुंफत. पवळेला जे मिळाले नाही ते, म्हणजे स्वतःच्या गाण्यात स्वतःचे नाव, त्यांनी स्वतःच्या हाताने घातले.

२००४ साली वामनदादा गेले आणि त्याच वर्षी प्रल्हाद शिंदेही. त्यांच्या विठ्ठलाच्या गाण्यांवरून आपल्यात अजून वाद होतात. भीमगीते आणि कव्वाल्या गाणारा हा आपला गायक आषाढीला सबंध महाराष्ट्राच्या देव्हाऱ्यात वाजतो. ज्या पंढरपूरच्या देवळाचे दार १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर अस्पृश्यांना उघडले, त्या देवळाच्या वाटेवर आमचाच गळा! काही मित्र याला विजय म्हणतात, काही शरणागती. मला वाटते, ते पोट होते. देवाच्या कॅसेटी खपत, भीमाच्या कॅसेटींना गिऱ्हाईक वस्तीतलेच.

मागच्या वर्षी त्या वसतिगृहातल्या मित्राच्या नातवाच्या लग्नाला गेलो होतो. पंगत उठल्यावर आम्ही दोघे मंडपाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलो. पन्नासहून अधिक वर्षांनी मी त्याला म्हणालो, "गड्या, त्या संमेलनात म्हटलेलं गाणं म्हण की." त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. मग खुर्चीच्या हातावर ठेका धरला आणि चारही कडवी म्हटली, एक शब्द न चुकता. शेजारच्या दोन बायांनी मागून धरले. त्यांनाही पाठ होते.

संपल्यावर मी विचारले, "ही चाल कोणत्या सिनेमाची रे?"

त्याला आठवेना. मलाही आठवेना. आम्ही बराच वेळ आठवत बसलो.